नेरूळमध्ये न झालेला सामना

23 जानेवारी 2022, रविवार. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर संध्याकाळी साडेसातला भारत विरुद्ध चायनीज तैपेई असा सामना ठरलेला होता. महिलांच्या आशियाई फुटबॉल चषकातला यजमान भारताचा हा दुसरा सामना. कोविडमुळे प्रेक्षकांना प्रवेश नव्हता, त्यामुळे ज्यांना या संघाची आच होती ते सगळे आपापल्या घरी पडद्यासमोर बसले होते. मीही त्यातलाच एक. सामन्याआधी दोन्ही संघांची अकरा-अकरा नावं जाहीर होतात, त्यांची वाट बघत होतो. नावं आलीच नाहीत. बातमी आली. भारताच्या 12 जणींना कोविडची लागण झाली आहे, नियमाप्रमाणे लागतात तेवढ्या 13 खेळाडूही उभ्या राहू शकत नाहीत, सामना होणार नाही.

गेला तो एकच सामना असता तर हे प्रकरण मी लिहायला घेतलं नसतं. आशियाई फुटबॉल महासंघाच्या नियमावलीप्रमाणे भारताने स्पर्धेतूनच माघार घेतली असं धरलं गेलं. 26 तारखेचा चीनविरुद्धचा सामना त्यामुळे आपोआप गेला. आणि 20 तारखेला इराणशी झालेली 0-0 बरोबरी, जी आपल्या मुलींनी नव्वद मिनिटं प्रत्यक्ष मैदानात धावून मिळवली होती, तीही रद्दबातल झाली. त्या स्पर्धेचा गुणतक्ता आज उघडला तर अ गटात गुण मोजलेले तीनच संघ दिसतात: चीन, चायनीज तैपेई, इराण. यजमानांच्या नावापुढे काहीही नाही.

(चायनीज तैपेई म्हणजे तैवान. राजकीय कारणांमुळे खेळांच्या स्पर्धांत त्याला हे नाव घ्यावं लागतं. हा प्रतिस्पर्धी पुढे वारंवार भेटणार आहे.)

आपल्या महिला संघाचा विषय निघाला की लोक मोठ्या पराभवांचे आकडे काढतात. 1998 च्या बँकॉक आशियाई खेळांत चीनकडून 0-16. 2003 च्या आशियाई चषकात पुन्हा चीनकडूनच 0-12. आकडे खरे आहेत, झाकण्यात अर्थ नाही. पण या संघाची आंतरराष्ट्रीय कारकीर्द जितक्या वेळा चाळतो तितकं मला एकच जाणवतं. हरलेल्या सामन्यांनी या संघाचं जेवढं नुकसान केलं, त्याहून जास्त न झालेल्या सामन्यांनी केलं. हरलेल्या सामन्यातून निदान कुठे कमी पडलो ते कळतं, पुढच्या सरावाला दिशा मिळते. मोकळी तारीख काहीच देत नाही. 23 जानेवारी ही अशा मोकळ्या तारखांपैकी सगळ्यांत जवळून बघता येणारी, आणि ती आपल्या महाराष्ट्रात घडलेली.

हातात काय होतं

आधी हे समजून घ्यायला हवं की त्या संध्याकाळी पणाला काय लागलं होतं.

2003 नंतर भारत आशियाई चषकात उतरलाच नव्हता. 19 वर्षांनी संधी आली ती यजमान म्हणून, पात्रता फेरी न खेळता. स्पर्धेसाठी अहमदाबाद आणि भुवनेश्वर ही शहरंही विचारात होती. प्रवास कमी व्हावा आणि संघांना सुरक्षित कवचात ठेवणं सोपं जावं म्हणून सगळे सामने नवी मुंबई, अंधेरीचं मुंबई फुटबॉल अरेना आणि पुण्याचं बालेवाडी या तीन ठिकाणी आणले गेले. कोविड टाळण्यासाठी आखलेली स्पर्धा कोविडनेच यजमानांपुरती संपवली, हे आजही मनाला लागतं.

प्रशिक्षक थॉमस डेनर्बी यांनी ऑगस्ट 2021 मध्ये वरिष्ठ संघाची सूत्रं घेतली. हा माणूस स्वीडनला 2011 च्या विश्वचषकात तिसऱ्या क्रमांकावर घेऊन गेलेला, नायजेरियाला आफ्रिकेचं विजेतेपद मिळवून दिलेला. त्यांच्याआधी गोव्याच्या मेमॉल रॉकी यांनी या संघाला बरंच पुढे आणलं होतं. त्यांच्याच काळात भारत ऑलिंपिक पात्रतेच्या दुसऱ्या फेरीत पहिल्यांदा पोचला. एप्रिल 2019 मध्ये मंडालेत म्यानमारशी 3-3 अशी बरोबरी झाली, दोघांचे गुण सारखे, आणि पुढची फेरी केवळ गोलफरकावर हुकली. म्हणजे डेनर्बींच्या हाती कच्चा माल आला नव्हता.

नंतरचे चार-पाच महिने या संघाने जितके सामने आणि प्रवास केले तितके आधी क्वचितच वाट्याला आले असतील. ऑक्टोबर 2021 मध्ये संयुक्त अरब अमिरातीवर 4-1, बहरीनवर 5-0 असे विजय. मग 13 ऑक्टोबरला बहरीनमध्येच चायनीज तैपेईवर 1-0. हा निकाल नीट लक्षात घ्या. जो संघ तीन महिन्यांनी नेरूळला समोर येणार होता, त्यालाच आपण हरवून आलो होतो, तेही तो क्रमवारीत आपल्या बराच वर असताना. नोव्हेंबरमध्ये ब्राझीलमधल्या मानाऊसला दौरा झाला. ब्राझीलकडून 1-6, चिलीकडून 0-3, व्हेनेझुएलाकडून 1-2. तिन्ही पराभव. पण ब्राझीलविरुद्ध आठव्याच मिनिटाला पंजाबच्या होशियारपूर जिल्ह्यातल्या मनीषा कल्याणने डावीकडून मुसंडी मारून जो गोल केला, त्याने संघाच्या चालण्याबोलण्यात फरक पडला असं मला तेव्हा वाटलं होतं आणि आजही वाटतं. फॉर्मिगासारख्या दिग्गज खेळाडूचा तो निरोपाचा सामना. समोर ब्राझीलचा राष्ट्रीय संघ, आणि क्षणभर फलकावर 1-1.

स्पर्धेची रचनाही भारताला जमेल अशी होती. 12 संघ, चार-चारचे तीन गट. प्रत्येक गटातले पहिले दोन आणि तिसऱ्या क्रमांकांपैकी सरस दोन, असे आठ संघ उपांत्यपूर्व फेरीत. चीनकडून हरणार हे धरून चाललं तरी इराणशी एक गुण आणि तैपेईवर विजय म्हणजे चार गुण, आणि चार गुण जवळजवळ पुरेसे. डेनर्बींनी उपांत्यपूर्व फेरी हे लक्ष्य उघडपणे सांगितलं होतं. त्या फेरीच्या पलीकडे 2023 च्या विश्वचषकाचा रस्ता होता, कारण आशियातले पात्र संघ याच स्पर्धेतून ठरत होते. तो रस्ता किती खुला होता हे नंतर दिसलं. ऑस्ट्रेलिया विश्वचषकाचा सहयजमान असल्यामुळे त्याचं स्थान पक्कं होतं आणि तो उपांत्यपूर्व फेरीतच हरला. त्यामुळे त्या फेरीत हरलेल्या उरलेल्या तिन्ही संघांना, व्हिएतनाम, थायलंड आणि चायनीज तैपेईला, आणखी एक दार मिळालं. व्हिएतनाम थेट विश्वचषकाला गेला. बाकीचे दोघे न्यूझीलंडमधल्या आंतरखंडीय पात्रता सामन्यांत खेळले.

भारत तैपेईला हरवून त्या आठांत पोचला असताच असं कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. मीही सांगत नाही. पण तो प्रश्न मैदानात विचारला जाण्याइतका खरा होता.

इराणविरुद्धची नव्वद मिनिटं

20 जानेवारीचा सामना मी नंतर दोनदा पाहिला आहे. इराणचा हा आशियाई चषकातला पहिलाच सामना. क्रमवारीत भारत 55 वा, इराण 70 वा. भारताने चेंडू जास्त वेळ ताब्यात ठेवला, दोन्ही कडांनी हल्ले केले, मणिपूरची डांगमेई ग्रेस, तमिळनाडूची इंदुमती, ओडिशाची प्यारी झाझा अशा सगळ्यांना इराणच्या गोलजवळ जागा मिळत गेली. कमी पडला तो शेवटचा स्पर्श. आणि जिथे तो बरा बसला तिथे इराणची गोलरक्षक झोहरे कुदाई आडवी आली. सामना संपल्यावर कर्णधार आशालता देवी आणि सहकाऱ्यांचे चेहरे बरोबरी साधलेल्या संघाचे नव्हते, दोन गुण गमावलेल्या संघाचे होते.

सामन्याआधीच दोन खेळाडू बाधित निघाल्या होत्या आणि त्यांना वेगळं ठेवलं होतं. म्हणजे रात्री संघ हॉटेलवर परतला तेव्हा आजार आधीच आत येऊन बसला होता.

कवचाला भोक कुठे पडलं

त्या जानेवारीत मुंबईची अवस्था काय होती हे इथल्या वाचकांना सांगायला नको. ओमायक्रॉनची लाट ऐन भरात होती. 7 जानेवारीला एकट्या मुंबईत 20,971 नवे रुग्ण नोंदवले गेले. शाळा बंद, घराघरात कुणीतरी अंथरुणावर. अशा शहरात 12 संघांना आणून त्यांना बाहेरच्या हवेपासून वेगळं ठेवायचं, हे काम कुणालाही अवघडच गेलं असतं.

भारतीय संघ कोचीतल्या शिबिरातून मुंबईला आला होता. डेनर्बींनी नंतर पत्रकारांसमोर रोख ठेवला तो हॉटेलच्या कर्मचाऱ्यांवर आणि त्यांच्या चाचण्यांच्या ढिलाईवर. खेळाडू शिस्तीत राहिल्या, खोली ते सराव आणि सराव ते खोली एवढंच त्यांचं जग होतं, पण जे लोक त्यांना जेवण वाढत होते, खोल्या आवरत होते, त्यांच्या चाचण्या वेळेवर झाल्या नाहीत आणि त्यांच्यात बाधित निघाले, असं त्यांचं म्हणणं. आशियाई महासंघाने आपल्या व्यवस्थेची बाजू लावून धरली. दोष नेमका कुणाच्या पदरात टाकायचा याचा निवाडा करण्याइतका पुरावा माझ्यासारख्या बाहेरच्या माणसाकडे नाही. पण एक साधी गोष्ट कोणत्याही बाजूने बघितली तरी तशीच राहते. कवच म्हणजे फक्त खेळाडू नव्हेत. स्वयंपाकी, वेटर, सफाई कामगार, बसचा चालक, हे सगळे त्याच कवचात येतात. मुंबईत हा माणूस लोकलने कामावर येतो आणि लोकलनेच घरी जातो. त्याची चाचणी आणि त्याची राहण्याची सोय हा खर्चाचा भाग आहे. ज्या स्पर्धेत तो खर्च दुय्यम धरला जातो तिथे खेळाडूंच्या शिस्तीला फारसा अर्थ उरत नाही.

23 जणींचा संघ होता. त्यातल्या 12 बाद झाल्या की राहतात 11, म्हणजे जखमी कोणी नाही असं धरलं तरी तेराचा आकडा गाठता येत नाही. हा हिशोब इतका कोरडा आहे की त्यावर वाद घालायला जागाच नव्हती.

तेरा का?

कोविड काळासाठी आशियाई महासंघाने जे खास नियम केले त्यांत म्हटलं होतं की सामन्यासाठी किमान 13 खेळाडू, त्यात एक तरी गोलरक्षक, उपलब्ध असायलाच हवेत. तसं नसेल तर संघाने माघार घेतली असं मानायचं. आणि मुख्य स्पर्धेच्या नियमांत आधीपासूनच तरतूद होती की माघार घेतलेल्या संघाचे सगळे सामने रद्दबातल धरायचे. दोन नियम वेगवेगळ्या कारणांसाठी लिहिलेले. एकत्र आल्यावर त्यांचा जो परिणाम झाला त्याचा विचार ते लिहिताना कुणी केला होता का, हा माझा मूळ प्रश्न आहे.

सामने रद्दबातल करण्याचा नियम कशासाठी असतो? एखादा संघ रागावून, पैसे संपले म्हणून किंवा दोन पराभवांनंतर रस गेला म्हणून स्पर्धा अर्ध्यात सोडतो. अशा वेळी ज्यांनी त्याच्याशी आधी सामना खेळला त्यांना फायदा आणि ज्यांचा राहिला त्यांना तोटा होऊ नये म्हणून सगळंच पुसून टाकायचं. यात न्याय आहे. पण आजारी पडणं म्हणजे सोडून जाणं नव्हे. नियमाने दोन्हींना एकच शब्द लावला: माघार. आपल्या संघाने माघार घेतली हे वाक्य त्या रात्री सगळीकडे छापलं गेलं. मला ते तेव्हाही खुपलं. विलगीकरणाच्या खोलीत बसलेल्या ज्या मुलीला मैदानात उतरण्यासाठी जीव टाकावासा वाटत होता, तिने कशातून माघार घेतली?

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. हा नियम काही मुलींचा संघ बघून वापरला गेला नाही. सप्टेंबर 2020 मध्ये दोहा इथे पुरुषांच्या आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सौदी अरेबियाचा अल हिलाल, गतविजेता आणि खंडातल्या धनाढ्य क्लबांपैकी एक, कोविडमुळे अकराच खेळाडू उभे करू शकला. त्यालाही बाहेर काढलं. पुढच्या फेरीतलं स्थान त्याने आधीच पक्कं केलेलं असताना त्याचे सगळे निकाल पुसले गेले. म्हणजे उदाहरण समोर होतं. सोळा महिने आधीचं. नियम वाचणाऱ्या प्रत्येक महासंघाला, आपल्यालाही, कळायला हवं होतं की हे दार असंच बंद होतं.

तरीही दोन्ही प्रसंग सारखे नाहीत. अल हिलालला काही आठवड्यांतच देशातल्या लीगचे सामने मिळाले आणि पुढच्याच वर्षी, 2021 मध्ये, त्याने तीच स्पर्धा पुन्हा जिंकली. भारतीय महिलांना आशियाई चषकात परत उभं राहायला चार वर्षं लागणार होती, तीही पात्रता मिळवली तरच. नियम एकच असला तरी ज्याच्या पंचांगात सामने कमी आहेत त्याच्यावर तो कितीतरी जड पडतो.

आणि नियम दुसरीकडे वेगळेही होते. नेरूळच्या रद्द सामन्यानंतर दुसऱ्याच दिवशी, 24 जानेवारीला, कॅमेरूनमध्ये पुरुषांच्या आफ्रिकी चषकात कोमोरोस या चिमुकल्या बेटराष्ट्राचा संघ यजमानांसमोर उतरला. एकही गोलरक्षक उपलब्ध नव्हता. आफ्रिकेचा नियम सांगत होता की अकरा खेळाडू असले तर खेळायचं, गोलरक्षक नसला तरी. मग शाकेर अल्हाधूर हा बचावपटू हातमोजे घालून गोलमध्ये उभा राहिला. कोमोरोस 1-2 ने हरला. आफ्रिकेचा नियम आदर्श होता असं मी म्हणत नाही. बाधित संघातल्या उरलेल्या खेळाडूंना मैदानात ढकलण्यात धोकाही असतोच. पण कोमोरोसचा तो सामना नोंदीत आहे. आजही लोक त्याच्याबद्दल बोलतात. युरोपने 2021 च्या पुरुषांच्या युरो स्पर्धेसाठी तेराचाच आकडा ठेवला होता, मात्र आकडा कमी पडला तर सामना 48 तासांपर्यंत पुढे नेण्याची वाट ठेवली होती.

48 तासांनी आपलं भागलं असतं का? नाही. तेव्हाच्या नियमांप्रमाणे बाधिताला निदान सात दिवस वेगळं राहावं लागत होतं आणि उपांत्यपूर्व सामने 30 जानेवारीला होते. चीनविरुद्धचा सामनाही त्या अवधीतच येत होता. तैपेईशी सामना पुढे ढकला ही मागणी भावनेला धरून होती, पण पंचांगात बसणारी नव्हती, हे मला मान्य करावंच लागतं. व्हायला हवं होतं ते याहून छोटं. जे दोन सामने होऊ शकले नाहीत ते नियमाप्रमाणे 0-3 ने गेले असं धरायचं आणि झालेला सामना झालेला म्हणून ठेवायचा. भारत तरीही बाहेरच पडला असता. पण इराणविरुद्धची बरोबरी भारताच्या नावावर आणि इराणच्याही नावावर राहिली असती. इराणच्या पदार्पणातला तो पहिला गुण होता आणि तोही आपल्याबरोबर पुसला गेला. त्या मुलींच्या वाट्याला मग चीनकडून 0-7 आणि तैपेईकडून 0-5 एवढंच राहिलं.

व्हिएतनामची गोष्ट याला जोडूनच सांगायला हवी. त्यांच्या बऱ्याच खेळाडूंना स्पर्धेआधी स्पेनमधल्या सराव शिबिरात कोविड झाला. संघ तुकड्यातुकड्यांनी भारतात आला, सुरुवातीचे सामने मोडक्या ताकदीने खेळला, हरला, मग सावरला आणि विश्वचषकाला गेला. त्यांना आजार पंधरा दिवस आधी गाठून गेला, आपल्याला मधोमध गाठला. दोन संघांच्या नशिबात फरक पडला तो एवढाच.

जुनी पानं

आता मोकळ्या तारखांकडे येतो, कारण 2022 ही पहिली नव्हती.

जानेवारी 1980 मध्ये कालिकतला आशियाई महिला स्पर्धा भरली होती. यजमान भारताने दोन संघ उतरवले आणि त्यातला एक अंतिम फेरीत पोचला. तिथे 0-2 ने हरवणारा संघ तैवानचा. 1981 मध्ये हाँगकाँगला भारत तिसरा, 1983 मध्ये बँकॉकला पुन्हा उपविजेता. शांती मल्लिक यांना 1983 चा अर्जुन पुरस्कार मिळाला, हा सन्मान मिळालेल्या त्या पहिल्या महिला फुटबॉलपटू. गोव्याच्या योलांडा डिसूझा याच पिढीच्या. थोडक्यात, चाळीस वर्षांपूर्वी भारत या खंडातला दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाचा संघ होता. पण तेव्हा महिलांचं फुटबॉल मुख्य महासंघाच्या बाहेर, 1975 मध्ये निघालेल्या वेगळ्या संघटनेच्या जिवावर चाललं होतं. पैसा नाही, नियमित सामने नाहीत. 1986 च्या स्पर्धेत भारत नव्हताच. मधल्या वर्षांत चीन, जपान, कोरिया खेळत राहिले, आणि 1998 चा 0-16 हा आकडा बँकॉकच्या मैदानावर अचानक उगवला नाही. त्याची पेरणी मोकळ्या वर्षांत झाली होती.

मग 2009. अठरा महिन्यांहून जास्त काळ संघ एकही आंतरराष्ट्रीय सामना खेळला नाही म्हणून फिफाच्या क्रमवारीतून भारताचं नाव काढून टाकलं गेलं. बेंबेम देवीसारखी खेळाडू ऐन उमेदीत होती. पुढे 2020 मध्ये तिला पद्मश्री मिळाली. तिच्या पायांतली ती वर्षं कोणत्या पुरस्काराने परत आणायची? 2010 मध्ये सामने पुन्हा सुरू झाले आणि त्याच वर्षी दक्षिण आशियाई अजिंक्यपद भारताने जिंकलं, वाटेत गटातल्या सामन्यात भूतानला 18-0 ने हरवून. त्यानंतर 2012, 2014, 2016, 2019 अशी ती स्पर्धा सलग जिंकली. खेळायला मिळालं की हा संघ काय करतो हे त्यातून दिसतं.

नेरूळनंतर सात महिन्यांनी पुन्हा तेच. ऑगस्ट 2022 मध्ये प्रशासनात बाहेरच्यांचा हस्तक्षेप झाला असं म्हणत फिफाने भारतीय महासंघाला निलंबित केलं. त्याच वेळी गोकुलम केरळच्या मुली आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोचल्या होत्या. विमानातून उतरल्या आणि कळलं की खेळता येणार नाही. निलंबन 26 ऑगस्टला उठलं, तोवर त्यांची स्पर्धा निघून गेली होती. तिथेही खेळाडूंचा काडीचा दोष नव्हता.

त्यानंतर

एप्रिल 2022 मध्ये संघ जॉर्डनला गेला आणि इजिप्त आणि जॉर्डन या दोघांनाही 1-0 ने हरवून आला. जानेवारीत ज्यांचं सगळं पुसलं गेलं त्यातल्याच बहुतेक जणी. मनीषा त्या वर्षी सायप्रसच्या अपोलॉनकडे गेली आणि युरोपच्या महिला चॅम्पियन्स लीगमध्ये खेळणारी पहिली भारतीय ठरली. पण सप्टेंबरमध्ये काठमांडूत दक्षिण आशियाई स्पर्धेत बांगलादेशने 0-3 आणि उपांत्य फेरीत नेपाळने 0-1 हरवलं. पाच वेळा जिंकलेली स्पर्धा पहिल्यांदाच हातून गेली. या पराभवाचं खापर मी जानेवारीवर फोडणार नाही. शेजारी पुढे गेले होते आणि आपली देशांतर्गत लीग तेव्हा काही आठवड्यांतच उरकत असे.

तैपेईशी राहिलेला सामना अखेर झाला तो सप्टेंबर 2023 मध्ये, हांगझोऊ आशियाई खेळांत, वेंझोऊच्या मैदानावर. अंजू तमांगने भारताला आघाडी मिळवून दिली. मग तैपेईने दोन गोल केले. 1-2. त्या रात्री वाईट वाटलं, पण नेरूळसारखं नाही. हा निकाल हातात धरता येत होता. कुठे ढिले पडलो ते बोट ठेवून दाखवता येत होतं.

आणि 2025 चा जून-जुलै. थायलंडमधल्या चियांग माईला 2026 च्या आशियाई चषकाची पात्रता फेरी. या वेळी यजमानपदाचा आधार नव्हता. प्रशिक्षक क्रिस्पिन छेत्री. मंगोलियावर 13-0, तिमोर लेस्तेवर 4-0, इराकवर 5-0. शेवटचा सामना 5 जुलैला यजमान थायलंडशी, आणि तेव्हा दोन्ही संघांचे गुण नऊ-नऊ, गोलफरकही दोघांचा अगदी सारखा, अधिक 22. जिंकेल तो चषकासाठी ऑस्ट्रेलियाला जाणार. थायलंड दोन विश्वचषक खेळलेला, आणि भारताने त्याला आधी कधीच हरवलेलं नव्हतं. 28 व्या मिनिटाला बंगालच्या संगीता बासफोरने लांबून मारलेला चेंडू जाळ्यात गेला. दुसऱ्या सत्राच्या सुरुवातीलाच थायलंडने बरोबरी केली. 74 व्या मिनिटाला पुन्हा संगीता. शेवटची पंधरा मिनिटं मी उभं राहून पाहिली. 2-1. पात्रता फेरी खेळून आशियाई चषकात स्थान मिळवण्याची भारताची ही पहिलीच वेळ.

29 जुलैला सिडनीत सोडत निघाली. भारताच्या गटात जपान, व्हिएतनाम आणि चौथा संघ चायनीज तैपेई. 10 मार्च 2026, सिडनी. वेळापत्रकात ती दोन नावं पुन्हा एकमेकांसमोर छापलेली बघितली आणि मला आधी आठवली ती नेरूळची संध्याकाळ, जेव्हा अकरा नावांची यादी आलीच नव्हती.